कपाळापासून माकडहाडापर्यंत

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात १९९०च्या दशकात १७ धडधाकट पुरुषांना एक विचित्र काम सांगण्यात आलं. मूत्राशय भरू द्यायचं, पेट स्कॅनरमध्ये डोकं घालून उताणं पडायचं, आणि हुकूम मिळाला की तिथल्या तिथे लघवी करायची. दंडात सुई, आजूबाजूला शास्त्रज्ञ. १० जणांना जमलं. उरलेल्या ७ जणांचं मूत्राशय तुडुंब होतं, प्रयत्नही मनापासून होता, पण थेंब येईना.

बर्टिल ब्लोक आणि गेर्ट होल्स्टेगे यांचा हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि फजिती झालेले ते ७ जणही त्यात तितकेच मोलाचे ठरले. ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, एक जागा उजळली होती. ज्यांना जमलं नाही त्यांच्याही पॉन्समध्येच, पण थोडी बाजूची, दुसरी जागा उजळली होती. ‘सोड’ म्हणणारी जागा एक, ‘धरून ठेव’ म्हणणारी दुसरी. त्यातली पहिली लंडनचे शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ सालीच मांजरांमध्ये शोधली होती. माणसातही ती तशीच असते हे डोळ्यांनी पाहायला पुढे ७० वर्षं लागली, आणि त्यासाठी कुणाला तरी स्कॅनरमध्ये झोपून लघवी करावी लागली.

या क्रियेला आपण इतकं क्षुल्लक मानतो की तिचं नाव चारचौघांत घेत नाही. ती नीट पाहिली की थक्क व्हायला होतं. मूत्राशय म्हणजे एक स्नायूंची पिशवी, साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावतील एवढी. भरत असताना ती सैल पडत जाते, त्यामुळे आतला दाब जवळजवळ वाढतच नाही. तिच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वळसा त्याच वेळी घट्ट आवळलेला असतो. लघवी करताना नेमकं उलटं व्हायला हवं: आधी वळसा ढिला, मग पिशवी आकुंचन पावणार. दोन स्नायू, दोन विरुद्ध आज्ञा, आणि त्यांची वेळ पक्की जुळलेली. दिवसाच्या २४ तासांतली काही मिनिटं सोडली तर बाकी सगळा वेळ हे यंत्र फक्त धरून ठेवण्याचं काम करतं, आपल्याला पत्ता लागू न देता.

पिशवी किती ताणली गेली याची वर्दी तिच्या भिंतीतल्या चेता पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला देतात. तिथून ती वर्दी संपूर्ण मज्जारज्जू चढून मेंदूच्या देठात जाते, तिथून आणखी वर, कपाळामागच्या भागात. ‘आत्ता? इथे? पाहुणे बसलेत ना?’ हा विचार तिथे होतो. परवानगी मिळाली की आज्ञा त्याच वाटेने पुन्हा खाली, माकडहाडाच्या दिशेने. शरीरातल्या फार थोड्या स्वयंचलित क्रिया इतक्या लांबच्या वाटेवर विसंबून असतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर ज्याला एमएस म्हणतात तो आजार, नेमका याच वाटेवर घाव घालतो.

आपल्या बहुतेक लांब चेतातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं. वेष्टण असलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंतच्या वेगाने धावू शकतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून तो सेकंदाला एखाद-दुसरा मीटर रखडतो. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या मायलिनवर हल्ला करते. ठिकठिकाणी वेष्टण झडतं, तिथे वण राहतात, पुढे आतले तंतूही मरतात. जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार आहे, बहुतेकांना तो २० ते ४० या वयात गाठतो, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. हा थंड देशांतला, गोऱ्यांचा आजार असा समज आपल्याकडच्या डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. मुंबईच्या पारशी समाजात तो लाखामागे सुमारे २६ जणांना असल्याचं बरुचा यांच्या १९८८च्या पाहणीत दिसलं, तेव्हा त्या समजाला तडा गेला.

वण कुठे पडेल ते नशिबावर. डोळ्याच्या चेतेवर पडला तर दिसणं धूसर होतं, लहान मेंदूत पडला तर तोल जातो. पण मूत्राशयाची वाट कपाळापासून माकडहाडापर्यंत गेलेली असल्यामुळे कुठलाही वण तिच्यावर पडण्याची शक्यता मोठी. म्हणूनच आजार जुना होत जातो तसा दहांतल्या आठांना लघवीचा काही ना काही त्रास होतो. हा एमएसचा किरकोळ उपद्रव आहे असं मानणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला वाटतं, एमएस समजून घ्यायचा तर सुरुवातच इथून करावी.

त्रासाचे प्रकार वण कुठे आहे त्यावर ठरतात. मेंदूचा लगाम सुटला तर पिशवी अर्धीही न भरता आकुंचन पावते: अचानक कळ, धावपळ, आणि संडासाच्या दारात पोचेपर्यंत कपड्यात. खालच्या टोकाशी वण असेल तर उलट पिशवी आकुंचनच पावत नाही, लघवी तुंबते. आणि मधल्या मज्जारज्जूत वण असेल तर तिसराच प्रकार होतो, तो सर्वांत चमत्कारिक. पिशवी जोर लावते आणि त्याच क्षणी वळसाही आवळतो. एकाने दार ढकलायचं आणि दुसऱ्याने आतून कडी घालायची. दोघांची वेळ जुळवणारा पॉन्स वर, दोघे स्नायू खाली, आणि मधला निरोप हरवलेला. अशा बाईला किंवा बुवाला दोन परस्परविरोधी तक्रारी एकदम असतात: सारखं जावंसं वाटतं, आणि गेलं की नीट होत नाही. घरच्यांना ती बहाणेबाजी वाटते. सोनोग्राफीत मात्र लघवी करून आल्यावरही मूत्राशयात शंभर-दीडशे मिलिलिटर उरलेली दिसते.

याच्या उलट उदाहरण पाहिलं की निसर्गाच्या तऱ्हेवाईकपणाची कमाल वाटते. मज्जारज्जूच्या तळाशी ओनुफ यांच्या नावाने ओळखला जाणारा चेतापेशींचा एक इवलासा पुंजका आहे, मूत्रमार्गाचा वळसा आवळणारा. स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस या आजारात हातापायांच्या चेतापेशी एकामागून एक मरतात, पण हा पुंजका बहुधा शाबूत राहतो. तिथे पेशी मरतात आणि ही पेशी वाचते. एमएसमध्ये पेशी जिवंत असते, तिच्यापर्यंतचा रस्ता उखडतो.

एमएसचं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन डॉक्टरने नव्हे, रुग्णाने लिहिलेलं आहे. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचा नातू ऑगस्टस डेस्टे १८२२च्या डिसेंबरात एका अंत्यसंस्कारासाठी स्कॉटलंडला गेला होता; तिथे त्याची नजर अचानक धूसर झाली आणि पुढे आपोआप सुधारली. तिथून पुढची वीसहून अधिक वर्षं तो आपल्या शरीराची रोजनिशी ठेवत गेला. पाय लटपटणं, बधिरपणा, एकाचे दोन दिसणं हे सगळं त्यात आहेच. पण लघवीची अडचण आणि शय्येवर कमी पडणारी शक्तीही त्याने संकोच न करता नोंदवली. तो १८४८ साली वारला. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या आजाराला स्वतंत्र ओळख दिली ती त्यानंतर २० वर्षांनी, १८६८ साली. म्हणजे आजाराला नाव मिळायच्या आधी त्याचे मूत्राशयातले आणि शय्येतले परिणाम कागदावर उतरलेले होते. आज डॉक्टर आणि रुग्ण मात्र हे दोन विषय टाळण्यात एकमेकांना मनोभावे मदत करतात.

योगायोग असा की त्याच १८२२ साली जर्मनीतल्या व्यूर्टेम्बर्ग प्रांतातले युस्टिनुस केर्नर, पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने कवी, सॉसेजच्या विषबाधेवर एक ग्रंथ प्रसिद्ध करत होते. खराब सॉसेज खाऊन मेलेल्यांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या, विष स्वतःही चाखून पाहिलं. हे विष चेतांकडून स्नायूंकडे आणि ग्रंथींकडे जाणारा संदेश थांबवतं हे त्यांनी ओळखलं, आणि अतिउत्तेजित झालेल्या अवयवांना शांत करायला ते अगदी थोड्या मात्रेत वापरता येईल अशी कल्पनाही मांडली. तेच विष आज बोटॉक्स. सुरकुत्या घालवणारं म्हणून ते गाजलं. पण २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमएस आणि मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे बेताल झालेल्या मूत्राशयासाठी त्याला मान्यता दिली. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत ३० ठिकाणी मिळून २०० युनिट टोचतात, आणि पिशवी अनेक महिने शांत राहते. काहींची जरा जास्तच शांत होते आणि लघवी काढायला नळी घालावी लागते. म्हणून ती घालायला जमेल का हे आधी पाहतात.

बोटॉक्सच्या आधी प्रयोग झाला तो मिरचीचा. ते प्रकरण मराठी माणसाने आवर्जून ऐकावं असं आहे.

मूत्राशयात थंडगार पाणी सोडलं तर निरोगी प्रौढ माणसाला फक्त गार वाटतं. लहान बाळाचं मूत्राशय मात्र लगेच आकुंचन पावतं. या प्रतिक्रियेच्या चेता बारीक, मायलिन नसलेल्या. त्यांना सी-तंतू म्हणतात. मूल मोठं होतं, मेंदू आणि मूत्राशय यांच्यातली वेगवान वाट पक्की होते आणि सी-तंतू गप्प बसतात. पण मज्जारज्जूतली ती वाट तुटली की ते पुन्हा जागे होतात, आणि चाळिशीतल्या बाईचं मूत्राशय एका अर्थी तान्हेपणाकडे परत जातं. या तंतूंवर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखटपणा, ओळखणारी प्रथिनं असतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात क्लेअर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मूत्राशयात कॅप्सेसिनचं द्रावण सोडलं. आधी आग, मग तंतू थकून गप्प, आणि कपडे ओले होणं कमी. उपाय चालला, पण सुरुवातीची जळजळ सोसवेना. बोटॉक्स आल्यावर तो मागे पडला. तिखट ओळखणारं ते प्रथिन डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ साली हुडकलं. ताण ओळखणारं पिएझो-२ हे दुसरं प्रथिन आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेतलं; मूत्राशय भरल्याचं आपल्याला कळतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे हे २०२० साली दाखवलं गेलं. ज्यांच्यात जन्मतः पिएझो-२ काम करत नाही अशी माणसं भरल्याची जाणीव नीट होत नसल्यामुळे घड्याळ पाहून लघवीला जातात. २०२१चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं. बातम्यांत सगळीकडे मिरची आणि स्पर्श होता. मूत्राशयाचं नाव कुणी काढलं नाही.

सगळ्यांत साधा उपाय मात्र सगळ्यांत क्रांतिकारक ठरला. तुंबलेली लघवी काढायला नळी घालायची तर ती पूर्ण निर्जंतुक हवी, हातमोजे हवेत, नर्स हवी, हा नियम अढळ होता. मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडेस यांचं म्हणणं वेगळं होतं: चार जंतू आत गेल्याने तितकं बिघडत नाही, जितकं ताणून राहिलेल्या आणि तुंबलेल्या पिशवीने बिघडतं. हात साबणाने धुवा, नळी स्वच्छ ठेवा, आणि दिवसातून काही वेळा स्वतःच लघवी काढा. त्यांनी ही पद्धत शिकवलेल्या पहिल्यावहिल्या रुग्णांत एमएस असलेली एक तरुण बाई होती. १९७२ साली हा निबंध छापून आला, आणि त्यावर बेटी लोव यांचंही नाव आहे. रुग्णांना हे शिकवणाऱ्या नर्स त्याच. सहकाऱ्यांनी बरीच नावं ठेवली, पण जंतुसंसर्ग वाढायच्या ऐवजी घटलेला दिसला. आज जगभर हीच पद्धत आहे. आपल्याकडे अडचण जरा निराळी आहे. नळी मिळते, स्वच्छ संडास मिळत नाही. एसटीच्या प्रवासात दर चार तासांनी पाणी, साबण आणि दाराला कडी असलेली जागा शोधायची म्हणजे काय, हे ती शोधणाऱ्या बाईलाच ठाऊक. मुंबईत २०११च्या सुमारास स्त्रियांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली तेव्हा तिची थट्टा झाली. एमएस असलेल्या बाईसाठी ती मोहीम म्हणजे औषधोपचारच आहे.

संडास नाही म्हणून बायका जो उपाय करतात तो त्रास वाढवतो: पाणी पिणं कमी करणं. लघवी दाट होते, भिंतीला टोचते, बद्धकोष्ठ होतं आणि भरलेलं आतडं मूत्राशय दाबतं. शिवाय संसर्गाला वाव. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग कधी जळजळीने न दिसता पायांतून दिसतो. कालपर्यंत चालणारी व्यक्ती आज उठू शकत नाही, घरचे घाबरतात, आजाराचा नवा झटका आला असं वाटतं. खरं कारण पुष्कळदा अंगातला ताप असतो. म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी लघवीची तपासणी करावी हा नियम जाणते न्यूरॉलॉजिस्ट कटाक्षाने पाळतात. दिलासा एवढाच की मज्जारज्जूला मार लागलेल्यांत मूत्रपिंडं निकामी होण्याची जी भीती असते, ती एमएसमध्ये फारच कमी आहे.

मज्जारज्जूच्या ज्या टोकातून मूत्राशयाच्या चेता निघतात, तिथूनच लैंगिक अवयवांच्याही निघतात. शेजार इतका जवळचा की एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतंच. पुरुषाच्या ताठरतेच्या वाटा दोन आहेत: मनात विचार आला की सुरू होणारी एक, ती कण्याच्या मधल्या भागातून, आणि स्पर्शाने सुरू होणारी दुसरी, ती तळातून. वण कुठे त्यावर एक बंद पडून दुसरी चालू राहू शकते. हे कळलं नाही तर नवरा-बायको दोघंही प्रेम आटल्याचा हिशोब मांडत बसतात. सिल्डेनाफिल ही गोळी मुळात हृदयाच्या कळेसाठी तपासली जात होती. १९९८ साली ती भलत्याच कामासाठी बाजारात आली, आणि एमएसच्या अनेक पुरुषांना उपयोगी पडली. स्त्रियांसाठी इतकी सोपी गोळी नाही. त्यांच्यात बधिरपणा, कोरडेपणा, स्पर्श नकोसा होणं, आणि मधेच लघवी होईल या धास्तीने अंग आक्रसणं असतं. शेवटच्या गोष्टीला आधी मूत्राशय रिकामं करून येणं एवढा उपायही पुष्कळदा पुरतो, पण तो कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

आणि मग मूल. इथे या आजाराने डॉक्टरांना पुरतं चकवलं. एमएस असलेल्या बाईने गरोदर राहू नये, आजार बळावेल, असा सल्ला कित्येक दशकं दिला गेला. आपल्याकडे जोडीला दुसरं टोक: लग्न लावून द्या, मूलबाळ झालं की बरं वाटेल. १९९८ साली लियाँच्या कॉन्फाव्रू आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ स्त्रियांची पाहणी छापली. गरोदरपणाआधी दर बाईमागे वर्षाला सरासरी ०.७ झटके. पोटात बाळ असताना ते कमी होत गेले, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ०.२वर आले. त्या काळातल्या कुठल्याही औषधाला असा परिणाम साधलेला नव्हता.

कारण विचार करण्यासारखं आहे. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीसाठी निम्मं परकं. त्याला हाकलून लावू नये म्हणून ती प्रतिकारशक्ती स्वतःला सौम्य करून घेते, आणि त्याच सौम्यपणात आईचं मायलिनही काही महिने वाचतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००७ साली गाभण उंदरिणींच्या मेंदूत पाहिलं तर मायलिन बनवणाऱ्या पेशीही वाढलेल्या आणि झडलेलं वेष्टण लवकर दुरुस्त होत असलेलं.

एमएसने मूल होण्याची क्षमता फारशी घटत नाही. आईला किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. म्हणजे ९७-९८ मुलं त्याशिवाय वाढतात. जपायचं ते औषधांना. टेरिफ्लुनोमाइड हे औषध बंद केल्यावरही दोन वर्षांपर्यंत अंगात रेंगाळू शकतं. ते बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून वेगळं औषध देऊन आधी शरीरातून काढून टाकावं लागतं. त्यामुळे मुलाचा विचार मनात आला की, दिवस राहायच्या आधी, ती गोष्ट न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घालायला हवी. गरोदरपणात मूत्राशयावर बाळाचं ओझं पडतं आणि संसर्ग सहज होतो, तेव्हा लघवीची तपासणीही वरचेवर करावी लागते.

कॉन्फाव्रू यांच्या आकड्यांचा शेवटचा भाग कमी सांगितला जातो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत झटक्यांचं प्रमाण १.२वर उसळलं, मग पूर्वपदावर आलं. म्हणजे आपल्याकडचा सव्वा महिना आणि वर आणखी जवळजवळ दोन महिने. माहेरची विश्रांती या काळात चांगलीच. पण तिथली शेक-शेगडी मात्र जपून. एमएसमध्ये अंगाची उष्णता अर्धा अंश वाढली तरी वेष्टण झडलेल्या तंतूंतून संदेश अडू शकतो. श्रमानंतर अशा रोग्यांची नजर धूसर होते हे ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० सालीच टिपलं होतं; त्यामागे उष्णता आहे हे पुढे कळलं. एमआरआय नव्हतं तेव्हा डॉक्टर या रोग्यांना कढत पाण्याच्या टबात बसवून नजर धूसर होते का ते बघत, आणि त्यावरून निदान करत. कढत पाण्याची आंघोळ, खाटेखाली शेगडी, डोक्याला घट्ट रुमाल: आपली बाळंतिणीची खोली त्या टबापेक्षा फार वेगळी नाही. त्या उष्णतेने नवी इजा होत नाही, अंग गार झालं की नजर आणि पाय परत येतात. पण बाळ हातात असताना पाय जाणं परवडणारं नाही. तेव्हा तेल लावावं, खाऊ-पिऊ घालावं, रात्री बाळ सांभाळून आईला झोपू द्यावं, आणि शेगडी बाहेर ठेवावी.